निरीक्षणवही, पान सातवं

पहिल्या सत्रात पहिली तांबडी रेघ
‘हट्टी’ या शब्दाखाली पडली.
समासात सरपोतदार मॅडमनी लिहिलं होतं:
हे मत झालं. दिसलं काय, ते लिहा.

मी एकोणीस वर्षं अंगणवाडीत.
मॅडमचं वय सव्वीस.
पदवीचा कागद लागणार म्हणतात, म्हणून आले,
खोटं कशाला सांगू.
काजूबियांचे पैसे हाती आले तेव्हा निम्मी फी भरली,
निम्मी अजून हप्त्यात आहे.
बाकावरची शेजारीण आधी काकू म्हणायची,
मग नोट्स मागायला लागली, आता नुसतं सुलभा.

प्रात्यक्षिक असं: वीस मिनिटं, एकच मूल.
बोलायचं नाही, उचलायचं नाही, शिकवायचं तर नाहीच.
आणि नाक वाहत असलं तर? मी हात वर केला.
वर्ग हसला.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुसा.
पण मग लिहा, की मी पुसलं.

राजिवड्याची बालवाडी. खिडकीत खाडी,
आत सुकटीचा वास.
सुफियान होडेकर, वय चार वर्षं दोन महिने.

१०.१० भिंतीला पाठ लावून बसला आहे.
१०.१३ डब्याचं झाकण उचललं. पालथं केलं. परत सुलटं.
१०.१४ झाकणात वाळू भरतो. थापटतो.
१०.१६ दुसऱ्या मुलानं झाकण ओढलं. सुफियाननं सोडलं नाही.
१०.१७ अजून सोडलं नाही.

(इथे तो शब्द पेनाच्या टोकाशी आला होता.
गिळला.)

१०.१९ सुफियान एक कड सोडतो. दुसरी धरून ठेवतो.
१०.२० दोघं झाकण धरून चालतात, दाराकडे. सावकाश.
१०.२२ दुसरा मुलगा थांबतो. सुफियान म्हणतो,
‘चल ना, बरफ हाय. इतळंल.’

तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं.
जेट्टीवर दोन माणसं
बर्फाची लादी गोणपाटात धरून चालली होती.
मी पाहिलं, हेसुद्धा लिहिलं.

संध्याकाळी टेंभ्याची गाडी चुकली.
एक मॅजिक पुढे जाऊन मागे आली.
‘बाई, बसा.’
नितेश. रहाट्यांचा.
माझ्या पहिल्या वर्षीचा, साडेतीन वर्षांचा,
रजिस्टरात शेरा या रकान्यात
ज्याच्यापुढे मी निळ्या शाईनं ‘मंद’ लिहिलं होतं
आणि चहा प्यायला गेले होते.
त्याच्या आईनं विचारलेलं,
मंद म्हणजे कसं हो, बाई?
मी म्हटलं होतं, हळू.

पुढच्या सीटवर बसून मी आठवत राहिले.
काय केलं होतं त्यानं त्या दिवशी?
रडला? बोलला नाही? ठोकळे तोंडात घातले?
माझ्याकडे न बघता दाराकडे बघत बसला?
काही म्हणजे काही आठवेना.
मूल सगळं पुसून गेलं होतं,
तेवढा शब्द राहिला होता.
आणि ते रजिस्टर पंचायत समितीच्या कपाटात,
वाळवीनं खाल्लं असलं तर बरं.

रात्री भांडी झाली. नवऱ्याचं ताट जागेवरच होतं.
(आळशी हे मत. ताट जागेवर, हे निरीक्षण.)
वही उघडली. सुफियानच्या खाली अर्धं पान कोरं होतं.

नितेश रहाटे, वय बावीस.
६.४० गाडी मागे घेतली.
६.४४ म्हाताऱ्या बाईची माशांची पाटी स्वतः टपावर चढवली.
६.५१ तिघांना सुटे परत दिले. हिशेब तोंडी.
६.५८ चढणीवर गाडी सावकाश घेतली. म्हणाला,
तुमची पाठ दुखते ना.
(हे त्याला कुणी सांगितलं, माहीत नाही.)
७.०५ बाई उतरल्या. पैसे घेतले नाहीत.

समास मोकळा ठेवला आहे.